निलगिरीच्या पानांतील पॉलिफिनॉल : आकडा आणि ओळख

गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या भवानी पेठेतील आमच्या एका सहव्यावसायिकांच्या फार्मसीत 'निलगिरी पान' असे लिहिलेले एक पोते आले. सोबतच्या तपासणी-दाखल्यावर एकूण पॉलिफिनॉलचा भरघोस टक्का नोंदविलेला होता. खात्रीसाठी त्यांनी त्याच पोत्यातील पाने दुसऱ्या प्रयोगशाळेत दिली, तो आकडा जवळजवळ निम्मा आला. व्यवहार मोडण्यावर पाळी आली. आम्ही दोन्ही दाखले शेजारी ठेवून वाचले, तेव्हा ध्यानात आले की एकीने अर्क ७० टक्के मिथेनॉलमध्ये काढला होता व दुसरीने साध्या पाण्यात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते.

हा आकडा निघतो कसा, हे खरेदी करणाऱ्याने जाणून घ्यावयास हवे. हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात काळा पडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो टॅनिन व लोह यांचा संयोग. निलगिरीच्या काढ्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकल्यास निळसर काळा रंग येतो, तोही याच कारणाने. एवढ्याने पॉलिफिनॉल आहेत इतकेच कळते; किती, ते नाही.

मोजणीसाठी फोलिन-सिओकाल्तू द्रावण वापरतात. हे १९२७ सालचे. सिंगलटन व रॉसी यांनी १९६५ मध्ये त्याची सुधारित पद्धत मांडली. सोडियम कार्बोनेटच्या क्षारतेत पॉलिफिनॉल या द्रावणाचे क्षपण करतात, निळा रंग येतो, आणि त्याची तीव्रता सुमारे ७६५ नॅनोमीटरवर मोजून गॅलिक आम्लाच्या प्रमाण-आलेखाशी ताडतात. चहासाठी २००५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा पाया हाच आहे. समजा, २०० मिलिग्रॅम चूर्णाचा १० मिलिलिटर अर्क केला, तो शंभरपट विरळ केला आणि आलेखावर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम मिळाले. मूळ अर्कात मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, एकूण २० मिलिग्रॅम. म्हणजे १० टक्के. आता त्याच चूर्णात १० टक्के ओलावा असेल आणि हिशेब कोरड्या वजनावर केला, तर उत्तर ११.१ टक्के येते. पान तेच, आकडे दोन! दाखल्यावर द्रावक, तुलनेचे प्रमाणद्रव्य आणि वजनाचा आधार लिहिलेला नसेल, तर त्या टक्क्याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही.

याहून मोठी अडचण अशी की, हे द्रावण पॉलिफिनॉलपुरते मर्यादित नाही. क जीवनसत्त्व व क्षपणक शर्करा यांनीही निळा रंग येतो. प्रथिने मोजण्याच्या लॉरी यांच्या १९५१ च्या पद्धतीत हेच द्रावण वापरले जाते. कोणी चूर्णात गॅलिक आम्ल मिसळले, तर टक्का वाढलेलाच दिसेल. तेथे पातळ-थर वर्णलेखन उपयोगी पडते : अस्सल पानाच्या अर्कात गॅलिक व एलॅजिक आम्ल, क्वेर्सेटिनची ग्लायकोसाइडे असे अनेक ठिपके उमटतात, भेसळीत एकच ठिपका अवास्तव गडद होतो. घटक वेगवेगळे मोजावयाचे तर एच.पी.एल.सी.ला पर्याय नाही. तो खर्च प्रत्येक पोत्याला परवडत नाही, हेही आम्ही जाणतो.

पण ओळखीची पहिली पायरी फुकटची आहे. त्या दिवशी आकड्यांवर तासभर वाद झाल्यावर आम्ही एक पान चुरडून हुंगले, तर लिंबासारखा वास! ती सिट्रिओडोरा होती; तिच्या तेलात सिट्रोनेलल प्रमुख असते. औषधी निलगिरी म्हणून अपेक्षित असलेल्या ग्लोब्युलसचा वास सिनिओलचा, कापराकडे झुकणारा. ग्लोब्युलसला निलगिरी पर्वतासारखी थंड हवा मानवते. आपल्याकडील माळरानावर व बांधावर दिसते ती बहुधा टेरेटिकॉर्निस किंवा संकरित जात. शिवाय ग्लोब्युलसच्या कोवळ्या फांद्यांवरील पाने समोरासमोर, देठरहित व निळसर झाक असलेली, तर जून पाने विळ्याच्या आकाराची असतात. दोहोंची सरमिसळ झाली की मोजणी आणखी हलते.

झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे चरक-सुश्रुतांत ते शोधणे व्यर्थ आहे. 'तैलपर्ण' हे नाव त्याच्या तेलावरून आले, आणि गोंधळही तेथेच होतो. वाफेने काढलेल्या तेलात सिनिओल येते. पॉलिफिनॉल उडून जाणारे नाहीत, ते बरेचसे पानातच राहतात. म्हणून निलगिरी तेलाच्या बाटलीवर पॉलिफिनॉलचा दावा छापणे चूक आहे. याची दुसरी बाजू व्यापाऱ्यांना पक्की ठाऊक असावी : तेल काढून घेतलेली पाने वाळवून विकली, तरी पॉलिफिनॉलचा दाखला चांगलाच येऊ शकतो. तेव्हा या टक्क्याबरोबर क्लेव्हेंजर उपकरणाने काढलेले उडनशील तेलाचे प्रमाणही मागावे.

भवानी पेठेतील ते पोते परत गेले. पुरवठादाराने आकड्यांबद्दल वाद घातला. वासाबद्दल मात्र घातला नाही.