वाचायला शिकताना डोक्यात काय होते?



आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात नावन नावाचे गाव आहे. माझी मुलगी तिथे असते, म्हणून माझे जाणे-येणे होते. बाळगोपाळांनो, इंग्रजीत हे नाव डावीकडून वाचा की उजवीकडून, नावनच! आपल्या मराठीत उलटे वाचून बघा, ‘नवना’ होते. आणि हिब्रू तर सुरूच उजवीकडून.

माझा नातू तिथल्या शाळेत इंग्रजी आणि आयरिश शिकतो, घरी हिब्रू, माझ्याशी मराठी. तो वाचनात जरा मागे पडला तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी सल्ला दिला, “आजीने मराठी बंद करावी, पोर गोंधळते.” मला ते फार लागले. जन्म नर्सिंगमध्ये गेला, म्हटले बघू तरी शास्त्र काय म्हणते.

हैफाच्या टेक्निऑनमधल्या संशोधिका त्झिपी होरोविट्झ-क्राउस डॉक्टरेटनंतर अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या इस्पितळात पुढचे संशोधन करायला गेल्या होत्या. २०१५ साली तिथल्या डॉक्टरांनी आणि त्यांनी मिळून ३ ते ५ वर्षांच्या १९ मुलांना एमआरआय यंत्रात निजवून गोष्टी ऐकवल्या. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मोठा लोहचुंबक असतो, आवाज मात्र धडाधड! मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त धावते, ते यंत्र टिपते. ज्यांच्या घरी गोष्टी जास्त वाचून दाखवत, त्या मुलांच्या डाव्या मेंदूचा मागचा भाग, जिथे ऐकलेले आणि पाहिलेले जुळते, तो जास्त जागा दिसला. आता १९ मुले म्हणजे थोडीच, आणि गोष्टींमुळेच तसे झाले असेही म्हणता येत नाही. पण दिशा कळते.

बोलणे मूल आपसूक शिकते, वाचणे नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तिच्यासाठी मेंदूत वेगळी खोली बांधलेली नाही. डोळ्याचा आणि कानाचा भाग जोडून घ्यावा लागतो. आपली देवनागरी तर गंमतच! ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, बोलताना मागून. हरियाणात मानेसरच्या मेंदू संशोधन केंद्राने २००९ साली दाखवले की देवनागरी वाचताना डाव्याबरोबर उजव्या मेंदूचे काही भागही राबतात.

काही मुलांना ही अक्षर-आवाजाची जोडणीच कठीण जाते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. आमच्या वेळी अशा पोराला ‘ढ’ म्हणून छड्या बसत. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली, तेव्हा कुठे आईबापांना विचारायला जागा झाली. दोन-तीन भाषा बोलल्याने हा त्रास होत नाही, हे त्या बाईंना मी सांगितले.

एकट्या मुलाचा एमआरआय काढून डिस्लेक्सिया ठरवता येत नाही, त्यावर पैसे घालू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग वाचनाची रीतसर चाचणी मागा. नातवाची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर रोज रात्री फोनवर आमची मराठी गोष्ट चालू आहे.