जोडाक्षराला भिऊ नका!

दिवेलागणीला मूल पुस्तक घेऊन मोठ्याने वाचायला बसते. 'कमळ', 'बदक', 'काका' इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. 'प्रकाश' आला की अडते. मूल 'परकाश' म्हणते, नाहीतर र गिळून 'पकाश' म्हणते. घरातले हसतात. दुसऱ्या दिवशी वर्ग हसतो. मग मूल मोठ्याने वाचणेच सोडून देते. आमच्या पिढीत अशा हसण्यापायी कित्येकांनी पुस्तक मिटले. आपली बोलीच 'अशुद्ध' म्हणून हिणवली गेली, ते वेगळेच! म्हणून माता-पित्यांनो, ही पायरी मुलांना घरीच, मायेने चढवू या.

यात मुलाचा दोष नाही. मध्ये स्वर न घेता दोन व्यंजने एका दमात उच्चारणे कोवळ्या जिभेला जड जाते. ती आपली वाट सोपी करून घेते. भाषांनीही हेच केले आहे. संस्कृतात जो 'धर्म', तो पालीत 'धम्म'. 'मार्ग' तो 'मग्ग'. 'सत्य' ते 'सच्च'. बुद्धांचा उपदेश याच पालीत जपला गेला. तेव्हा सोपा उच्चार म्हणजे हलका उच्चार नव्हे. मात्र शाळेच्या पुस्तकात 'प्रकाश' छापलेला आहे, तोही आपल्या मुलाला आलाच पाहिजे.

आधी कान, मग जीभ, शेवटी डोळा, असा क्रम ठेवा.

सुरुवात एकाच अक्षराच्या जोडीने करा : आक्का, अण्णा, चप्पल, कच्चा, पक्का. टाळी वाजवून शब्द तोडा : 'चप्-पल'. शब्दाच्या मधले जोडाक्षर असे दोन टाळ्यांत वाटले जाते, म्हणून ते सोपे. ते जमले की 'रस्-ता', 'पुस्-तक', 'दप्-तर'.

शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर सर्वात अवघड, ते शेवटी घ्या : ब्रश, प्लेट, ट्रक, प्रकाश. 'प्र'साठी मुलाला ओठ मिटायला सांगा आणि ओठ मिटलेले असतानाच जीभ र साठी वर न्यायला लावा. आता ओठ उघडले की 'प्र' आपोआप निघतो.

मग पाटी घ्या. स, त, प यांचा दंड गेला की ती अर्धी होतात. ट, ड, यांना दंड नाही, त्यांचा पाय मोडतो. र मात्र बहुरूपी! 'प्रकाश'मध्ये तो तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा बसतो, 'सूर्य'मध्ये रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. रफार डोक्यावर दिसला तरी उच्चार त्याचा आधी, हे बोट ठेवून दाखवा. चौथे रूप 'दऱ्या'मधले. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. दोन्ही शब्द म्हणून दाखवा. 'दर्या'त द वर जोर येतो, 'दऱ्या'त येत नाही.

शब्द घरातलेच निवडा. 'सिद्धार्थ', 'प्रज्ञा' ही नावे आपल्या घराघरांत आहेत. 'ज्ञ' मराठीत 'द्न्य' असा उच्चारतात, हेही त्यातच कळेल.

मूल चुकले तर मध्येच तोडू नका. वाक्य पुरे होऊ द्या, मग तो शब्द आपण नीट म्हणा, 'पुन्हा म्हण' असा धोशा लावू नका. रोज दहा मिनिटे पुरेत. बरेच उच्चार अस्पष्टच राहिले, तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिने मागे राहू नये. टाळी तिलाही वाजवता येते, कान तिलाही आहेत. लेकरू वाचताना ती शेजारी बसली आणि चुकल्यावर हसली नाही, तर निम्मा धडा तिनेच शिकवला असे समजा.