चकत्यांचा पहिला हंगाम

२०१७च्या रोबोकॉन या यंत्रमानव स्पर्धेचा खेळ ऐकायला सोपा होता. यजमान जपानने आखलेल्या त्या खेळात यंत्राने मऊ चकत्या भिरकावायच्या, मैदानातल्या गोल चौथऱ्यांवरचे चेंडू पाडायचे आणि तिथे चकती टेकवायची. चौथरे सात, संघाला चकत्या पन्नास, वेळ तीन मिनिटं. आमच्या महाविद्यालयाचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच उतरला. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून मी तो हंगाम जवळून पाहिला. यंत्र तयार होणं वेगळं आणि ते खेळायला लागणं वेगळं, हे त्या मुलांसोबत मलाही नीट उमगलं.

यंत्र तसं वेळेत उभं राहिलं. फिरत्या रोलरने चकती फेकायची, असं ठरलं होतं आणि पहिली फेक लांबच्या चौथऱ्यावर बसली तेव्हा कार्यशाळा दणाणून गेली. मग हळूहळू चकत्या अलीकडे पडू लागल्या. कोन बदलून पाहिला, रोलरचं रबर बदललं. कारण निघालं बॅटरीत. लिथियम-पॉलिमर बॅटरी उतरत जाते तसा व्होल्टेज घटतो, मोटर मंदावते आणि फेक आखूड होते. रोलरला वेग मोजणारा एन्कोडर बसवून पीआयडी नियंत्रणाने वेग धरून ठेवल्यावर हा प्रश्न सुटला. तरी चकत्या एकसारख्या उडेनात. वापरून वापरून त्या सैल पडत, रोलरवरची पकड बदले, आणि नव्या चकतीसाठी जुळवलेला वेग जुनीला चालत नसे. मुलांनी प्रत्येक चकतीवर क्रमांक टाकला आणि कुठली कशी पडते याची वही ठेवली. पुस्तकातलं घर्षण त्यांना त्या वहीत सापडलं. मला त्या वहीचं यंत्राहूनही जास्त कौतुक वाटतं.

एक गोष्ट तांत्रिक नव्हती. मुलींच्या वसतिगृहाचं दार लवकर बंद व्हायचं आणि कार्यशाळेतलं काम रंगायचं रात्री. त्यामुळे निर्णय त्यांच्या माघारी होऊन जात. एका मुलीने हे बैठकीत स्पष्ट मांडलं आणि चाचण्या सकाळी, तासांच्या आधी सुरू झाल्या. ताज्या डोक्याने केलेल्या चाचण्यांत चुका कमी होऊ लागल्या. जागरण म्हणजे मेहनत, ही अभियांत्रिकीच्या पोरांची समजूत मला कधीच पटली नाही. त्या हंगामाने तिला चांगलंच उत्तर दिलं.

मार्चमध्ये पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय फेरी झाली. आमचा संघ साखळीतच थांबला. मुलांना वाईट वाटलं, वाटायलाच हवं होतं. पण उरलेला वेळ ती मुरलेल्या संघांच्या आजूबाजूला घुटमळत राहिली. सामन्याआधी प्रत्येक कनेक्टर हाताने ओढून पाहणारी माणसं तिथे ठरलेली होती. चकत्या भरण्याचा सरावही घड्याळ लावून केलेला दिसत होता. आमच्याकडे यंत्र चालवणारीला पूर्ण मैदानावर तीन मिनिटं सलग खेळायला मिळालं होतं ते निघण्याच्या आदल्या आठवड्यात.

पुढच्या हंगामाचा खेळ व्हिएतनामचा होता, कडीतून चेंडू फेकण्याचा. नियमावली हाती येताच मुलांनी यंत्राची चित्रं काढण्याआधी प्लायवूड आणलं आणि सुताराकडून मैदान बांधून घेतलं. जानेवारीनंतर नवा बदल नाही, फक्त सराव, असं वेळापत्रक त्यांनीच कार्यशाळेच्या भिंतीवर लावलं.