आधी अंदाज बांधा, मग बटण दाबा

वर्गात गेम खेळायचा तर भारी संगणक हवा, असं वाटत असेल तर १९७१ सालच्या मिनिआपोलिसला चला. डॉन रॉविट्श हा शिकाऊ शिक्षक तिथे आठवीच्या मुलांना इतिहास शिकवत होता. विषय होता एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या जुंपून अमेरिकेच्या पश्चिमेला, ऑरेगनकडे निघालेल्या कुटुंबांचा. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या त्याच्या खोलीतल्या मित्रांना प्रोग्रॅमिंग येत होतं. तिघांनी दोन आठवड्यांत गेम रचला, ‘द ऑरेगन ट्रेल’. गंमत म्हणजे त्याला पडदाच नव्हता! शाळेत होता टेलिटाइप, म्हणजे फोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेलं टंकयंत्र. प्रश्न कागदावर खडखडत छापून यायचे आणि मुलं उत्तरं टाइप करायची. शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द झटकन टाइप करायचा. बोटं रेंगाळली की सावज पसार. मग मुलांनी आपणहून कामं वाटून घेतली. नकाशा एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे आणि टायपिंगला ज्याचा हात सगळ्यांत चपळ त्याच्याकडे बंदूक. एका यंत्रावर अख्खा वर्ग! सत्र संपलं तेव्हा गेम पुसला गेला, पण रॉविट्शने प्रोग्रॅम कागदावर छापून जपला होता. १९७४ मध्ये त्याने तो पुन्हा टाइप करून काढला आणि मग अमेरिकेतल्या कितीतरी पिढ्या तो खेळत मोठ्या झाल्या.

अशा सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्याची नक्कल करून शिकण्याचं, मूळ मात्र याहून जुनं आहे, आणि तेही वाद्यांच्या कारखान्यात! एडविन लिंक हा अमेरिकी तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. विमान शिकणं महाग, म्हणून १९२९ च्या सुमारास त्याने जमिनीवरच डोलणारं खोटं विमान बनवलं. ते हलवायला काय वापरलं? आपल्या पेटीला असतात तसे भाते. सुरुवातीला ही यंत्रं करमणुकीच्या बागांनी घेतली. दुसऱ्या महायुद्धात मात्र लाखो वैमानिक त्यांच्यावर तयार झाले.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या प्रकल्पाकडे येऊ. कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या पैशातला काही भाग त्यांनी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी सिम्युलेशन बनवण्यात घातला आणि २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ सुरू झालं. सगळं फुकट, आणि बरंचसं मराठीतही! त्यातला विजेच्या मंडलांचा संच उघडा. सेल घ्या, तारा ओढा, बल्ब जोडा, की तारेतून इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर भडका उडतो, पण घरातला फ्यूज शाबूत राहतो. सामानाच्या पेटीत नाणं आहे, खोडरबर आहे, चक्क एक कुत्राही आहे! तोही मंडलात जोडता येतो, आणि व्होल्टेज फार चढवलं तर भुंकतो. दुसऱ्या एका सिम्युलेशनचं नाव आहे ‘जॉन ट्रॅव्होल्टेज’. गालिच्यावर पाय घासायचा, हात दाराच्या मुठीजवळ न्यायचा, आणि चट्! स्थिर विद्युत इतकी चटकदार क्वचितच शिकवली गेली असेल.

पण हे नुसतं मनोरंजन आहे का? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना खरे बल्ब आणि तारा दिल्या, बाकीच्यांना हे सिम्युलेशन. नंतर सगळ्यांनाच खरं मंडल जोडायला आणि ते कसं चालतं हे लिहायला सांगितलं. सरस ठरले पडद्यावर शिकलेले! खऱ्या तारेत वीज दिसत नाही, पडद्यावर ती पळताना दिसते. फरक पडला तो तिथे. म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावा असं मी मुळीच म्हणणार नाही. तारेचं टोक सोलताना बोटांना जे कळतं ते माउसला कळत नाही.

आणि एक युक्ती, जिला एक पैसाही लागत नाही. हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या गटाने २००४ साली दाखवून दिलं की वर्गातला प्रयोग नुसता पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळत नाही. काय घडेल याचा अंदाज आधी नोंदवायला लावला की मात्र समज वाढते. प्रयोग तोच, फक्त त्याआधी मिनिटभर थांबायचं! प्रोजेक्टरवर रंगीत ॲनिमेशन लावून ‘बघा रे’ म्हणणाऱ्या प्रत्येक शाळेत हे टाचून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

अंदाज नोंदवायला मुलांच्या हाती मोबाइल हवा असंही नाही. ‘प्लिकर्स’मध्ये प्रत्येकाला छापील कार्ड मिळतं. ते चारपैकी एका बाजूने उभं धरायचं, तेच उत्तर. बाईंनी आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं टिपली जातात.

छापील चौकोनांचाच विषय निघालाय तर क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी बनवला. ‘गो’ या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. तोच कोड सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना चिकटवला. कोडवर फोन धरला की कविता ऐकू यायची, व्हिडिओ दिसायचा. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

गावात रेंज नाही? फेटची बरीच सिम्युलेशन एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. उद्याच्या तासाला विजेचा संच उघडा, बल्ब पेटवा आणि मग तार मध्येच तोडा. त्या फटीत आधी नाणं, मग खोडरबर, मग पेन्सिल. पण थांबा, बटणाला हात लावू नका. पेन्सिलने बल्ब पेटेल का? पेटलाच तर नाण्याइतका लख्ख की त्याहून मंद? तुमचा अंदाज काय?