वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब

इंधन जाळून चालणारे प्रत्येक यंत्र एका अर्थी उधळेच असते. इंधनातील ऊर्जेचा काही भाग तेवढा चाकापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. हाती आलेले काम आणि खर्चिलेली ऊर्जा यांचे जे प्रमाण, तीच औष्णिक कार्यक्षमता होय.

उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यती झाल्या. त्या वेळच्या २.४ लिटरच्या, आठ सिलिंडरांच्या इंजिनांत ही कार्यक्षमता सुमारे तीस टक्केच होती. २०१४ साली नियम पालटले. इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे झाले आणि तासाला १०० किलोग्रॅमहून अधिक दराने इंधन देण्यास बंदी आली. इंधन वाढविता येत नाही म्हटल्यावर वेग वाढविण्यास काटकसरीखेरीज दुसरा मार्ग उरला नाही.

ही काटकसर दोन ठिकाणी साधली. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र सिलिंडरांत हवा कोंबते. या दांड्याला एक विद्युत्‌यंत्र जोडण्यात आले. वायूंचा जोर गरजेहून अधिक असला की ते वीज निर्माण करी. जोर अपुरा पडला की तेच वीज घेऊन दांडा फिरवी. दुसरे यंत्र १२० किलोवॉटचे. ते इंजिनाच्या मुख्य दांड्याशी जोडलेले असून ब्रेक लागताच मोटारीची गती विजेच्या रूपाने बॅटरीत साठवी आणि वेग घेताना परत देई. या साऱ्याच्या बळावर, चाचणीत पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे मर्सिडीज संघाने २०१७ साली जाहीर केले.

तथापि टर्बोवरील ते यंत्र महाग व गुंतागुंतीचे ठरले. २०२६ च्या नियमांत ते वगळले गेले आणि ब्रेकच्या वेळी ऊर्जा परत मिळविणाऱ्या यंत्राची शक्ती मात्र ३५० किलोवॉटपर्यंत वाढविण्यात आली. शर्यतीत जे श्रेष्ठ ठरते, ते सर्वत्र परवडतेच असे नाही.

उलट, ब्रेकची वीज व्यवहारात रुळली आहे. लखनौची मेट्रो २०१७ पासून धावते. तिचा कारभार गोमती नगरातील कार्यालयातून चालतो. तिची गाडी स्थानकाजवळ मंदावली की तिच्या मोटारी जनित्रे बनतात, वीज वरच्या तारेत परत जाते आणि जवळच निघणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. तेथे मिनिटा-दोन मिनिटांनी थांबणे अटळ. म्हणूनच त्या थांबण्याचे मोल अधिक.