स्वतःलाच बंद करणारी पेटी

एक लहानशी लाकडी पेटी. तिच्या माथ्यावर एकच खटका. तो चालू करताच आतून घरघर ऐकू येते, झाकण उचलले जाते, एक छोटासा हात बाहेर येतो, तोच खटका बंद करतो आणि मुकाट्याने पेटीत परततो. झाकण मिटते, सारे शांत होते. पुन्हा खटका चालू करावा, तर पुन्हा तेच. या खेळण्याला ‘यूसलेस मशीन’, म्हणजे ‘निरुपयोगी यंत्र’ असेच नाव पडले आहे.

वरवर पाहता ही निव्वळ नसती उठाठेव. पण मोजक्या सुट्या भागांतून घरच्या घरी तयार होणारी ही पेटी ७० हून अधिक वर्षे अभियंत्यांना, विद्यार्थ्यांना आणि हौशी कारागिरांना भुरळ घालत आली आहे. त्याला कारणही तसेच आहे. ज्या तर्कावर ही पेटी चालते, तोच तर्क मोटारीच्या वायपरपासून संगणकापर्यंत सर्वत्र राबत असतो. फरक इतकाच, की तिथे तो झाकणाआड दडलेला असतो आणि इथे तो हातात धरून पाहता येतो.

विद्वानांचा रिकामपणचा उद्योग

या यंत्राची कल्पना मार्विन मिन्स्की यांची. १९५२ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील आद्य संशोधक म्हणून त्यांची ख्याती झाली ती त्यानंतर. चालू केल्यावर स्वतःला बंद करण्यापलीकडे काहीही न करणारे यंत्र असावे, ही त्यांची कल्पना त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांना इतकी आवडली, की त्यांनी ते प्रत्यक्षात बनवले. शॅनन यांच्या टेबलावर ठेवलेली ही पेटी विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी पाहिली, त्याविषयी लिहिले आणि तिची कीर्ती जगभर पोहोचली. पुढे याच कल्पनेवर आधारलेल्या, हात बाहेर काढून नाणे ओढून घेणाऱ्या गल्ल्याच्या पेट्याही बाजारात आल्या.

शॅनन हे कोणी रिकामटेकडे गृहस्थ नव्हते. १९३७ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्यांनी एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात विजेचे स्विच आणि तर्कशास्त्र यांचा मेळ घातला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने माहितीशास्त्र या नव्या शाखेचा पाया घातला. आज दूरध्वनीपासून इंटरनेटपर्यंत माहिती ज्या ‘बिट’मध्ये मोजली जाते, तो शब्द छापील स्वरूपात रूढ केला तो याच लेखाने. असा हा माणूस एकचाकी सायकल चालवत चेंडू झेलण्याचा सराव करी, रोमन आकड्यांत हिशेब करणारे गणकयंत्र बनवी आणि चक्रव्यूहातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर तयार करी. १९५० साली बनवलेल्या या उंदराची ‘स्मृती’ टेलिफोन यंत्रणेत वापरल्या जाणाऱ्या रिलेंची होती. खेळ आणि संशोधन यांच्यात शॅनन यांनी भिंत घातली नाही. निरुपयोगी पेटीचे अंतरंग उघडून पाहिले, की त्यामागचे मर्म ध्यानात येते.

लागते तरी काय?

या पेटीला संगणकाची चिप लागत नाही, की एखादा ट्रान्झिस्टरही लागत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली अशा बाजारांत सारे साहित्य एका फेरीत मिळू शकते.

पहिली वस्तू म्हणजे गिअर असलेली छोटी डीसी मोटर. शाळकरी रोबोंसाठी वापरली जाणारी, पिवळ्या प्लास्टिकच्या आवरणातील ‘बीओ मोटर’ यासाठी चालते. मात्र तिचा वेग शक्य तितका कमी असावा. मिनिटाला ३० फेरे घेणारी मोटर अर्धा फेरा एका सेकंदात पूर्ण करते. हात डौलात बाहेर यावा यासाठी हा वेग पुरेसा आहे.

दुसरी वस्तू म्हणजे ‘डीपीडीटी’ या नावाने मिळणारा सहा पायांचा टॉगल स्विच. पेटीवरचा खटका तो हाच. खरेदी करताना एक दक्षता घ्यावी लागते. काही स्विचना मध्यभागी ‘बंद’ अशी तिसरी जागा असते. तसा स्विच घेतल्यास हात खटक्याला मधोमध ढकलून तिथेच थबकतो. त्यामुळे दोनच जागा असलेला, हलक्या बोटाने फिरणारा स्विच मागून घ्यावा.

तिसरी वस्तू म्हणजे लांब पट्टी असलेला, तीन पायांचा मायक्रो स्विच. यालाच लिमिट स्विच असेही म्हणतात. याखेरीज चार पेन्सिल सेलचा होल्डर, थोडी वायर, हातासाठी आइस्क्रीमची काडी किंवा प्लायवूडचा तुकडा आणि बिजागरीचे झाकण असलेली पेटी, एवढे पुरते. प्रत्येकी दीड व्होल्टच्या चार सेलमधून सहा व्होल्ट मिळतात. पेटी लाकडाची किंवा प्लास्टिकची असलेली बरी. पत्र्याच्या डब्यात उघड्या वायरी एकमेकींना जोडल्या जाण्याचा धोका असतो.

दोन तिरक्या वायरींचे रहस्य

डीसी मोटरच्या दोन टोकांना मिळणारे धन आणि ऋण ध्रुव उलटे केले, की ती उलटी फिरते. टॉगल स्विचचे काम हेच.

स्विच पालथा धरला, की तीन-तीन पायांच्या दोन रांगा दिसतात. दोन्ही रांगांतील मधल्या पायांना मोटरच्या दोन वायरी जोडायच्या. एका टोकाच्या दोन पायांना सेलची धन आणि ऋण वायर जोडायची. त्यानंतर या दोन पायांपासून दुसऱ्या टोकाच्या पायांकडे दोन तिरक्या वायरी न्यायच्या, म्हणजे फुलीचा आकार तयार होतो. खटका एकीकडे असला, की मोटरला वीज सरळ मिळते. दुसरीकडे टाकला, की फुलीतून उलटी होऊन मिळते. मोटर पुढे किंवा मागे फिरवण्याची ही जुनी आणि सर्वमान्य रीत आहे.

खरी गंमत आहे ती पुढे. या दोन तिरक्या वायरींपैकी धन ध्रुवाची वायर मध्येच तोडून तिथे मायक्रो स्विच बसवायचा. त्याच्या तीन पायांपैकी ‘कॉमन’ आणि ‘एनसी’ हे दोनच वापरायचे. एनसी म्हणजे एरवी जोडलेला, पट्टी दाबली की तुटणारा. हा मायक्रो स्विच पेटीच्या तळाशी अशा जागी बसवायचा, की हात पूर्ण आत येऊन टेकताच त्याची पट्टी दाबली जाईल.

आता घडते ते असे. हात आत विसावलेला आहे आणि पट्टी दाबलेली आहे. कोणी खटका चालू केला, की वीज सरळ मार्गाने जाते. त्या मार्गात मायक्रो स्विच नसल्याने दाबलेल्या पट्टीचा अडसर होत नाही. हात निघतो, झाकण उचलतो आणि खटक्याला ढकलतो. खटका उलटतो तशी मोटरही उलटी फिरू लागते. हात माघारी येतो, पट्टी दाबतो, तिरकी वायर तुटते आणि मोटर थांबते. या विसाव्याच्या अवस्थेत सेलमधून जराही वीज खर्च होत नाही, कारण मार्गच तुटलेला असतो. स्टँडबायवर ठेवलेल्या दूरचित्रवाणी संचालाही हे साधत नाही.

खटका उलटताना एक क्षण असा येतो, की जुना संपर्क सुटलेला असतो आणि नवा जुळलेला नसतो. त्या क्षणी मोटरला वीज मिळत नाही. तरीही हात अडत नाही, कारण फिरत्या भागांचा वेग आणि खटक्यातील स्प्रिंग मिळून उरलेले अंतर पार करतात. हात खटक्याच्या बुडाला नव्हे, तर टोकाला लागावा असे सांगितले जाते ते यासाठीच. टोकाला कमी जोर पुरतो.

चार शक्यता, एक विसावा

या पेटीत दोन स्विच आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘हुकूम काय आहे?’ हे वरचा खटका सांगतो. ‘हात कुठे आहे?’ हे तळाचा मायक्रो स्विच सांगतो. दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरे, म्हणजे एकूण शक्यता चार. खटका चालू आणि हात आत, तर बाहेर निघायचे. खटका चालू आणि हात बाहेर, तर पुढे जायचे. खटका बंद आणि हात बाहेर, तर परतायचे. खटका बंद आणि हात आत, तर थांबायचे.

चारांपैकी तीन स्थितींत मोटर चालते. एकाच स्थितीत ती थांबते. हेच एका वाक्यात सांगायचे, तर ‘खटका चालू असेल किंवा हात घरी नसेल, तर मोटर चालेल’. या वाक्यातील ‘किंवा’ आणि ‘नसेल’ हे शब्द म्हणजे तर्कशास्त्रातील क्रिया आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल यांनी त्यांचे बीजगणित मांडले. हे बीजगणित स्विच आणि वायरींतून जसेच्या तसे उतरवता येते, हे दाखवण्यात शॅनन यांच्या १९३७ च्या प्रबंधाचा मोठा वाटा होता. एकामागून एक जोडलेले स्विच ‘आणि’चे काम करतात, शेजारी-शेजारी जोडलेले ‘किंवा’चे. आजच्या संगणकातील अब्जावधी ट्रान्झिस्टर याच व्याकरणाने बोलतात. निरुपयोगी पेटी म्हणजे त्या व्याकरणातील एक छोटे पण पूर्ण वाक्य आहे.

पावसात वाहन चालवणाऱ्यांनी हेच वाक्य नकळत अनेकदा अनुभवलेले असते. वायपर काचेच्या मधोमध असताना बटण बंद केले, तरी तो तिथेच थांबत नाही. फेरी पुरी करून खाली आपल्या जागी येतो आणि मगच विसावतो. त्याच्या मोटरमध्येही जागा ओळखणारा एक स्विच असतो. ‘बटण चालू असेल किंवा वायपर जागेवर नसेल, तर मोटर चालेल’ हाच तिथला नियम. लिफ्टलाही मार्गाच्या दोन्ही टोकांना असेच मर्यादा सांगणारे स्विच असतात.

बिघाड हाच शिक्षक

पेटी पहिल्या प्रयत्नात चालतेच असे नाही. आणि खरे शिक्षण सुरू होते ते तिथूनच. खटका चालू केल्यावर हात बाहेर येण्याऐवजी तळाशी अधिकच रुतू लागला, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. चालू केल्यावर काहीच होत नसेल आणि बंद करताच मोटर धावू लागत असेल, तर टॉगल स्विच उलटा बसला आहे. तो अर्धा फेरा वळवून बसवावा. खटका उलटवून हात तिथेच थांबत असेल, तर मायक्रो स्विचच्या एनसी पायाऐवजी ‘एनओ’, म्हणजे एरवी तुटलेला पाय जोडला गेला असण्याचा संभव अधिक. हात आत येऊनही मोटर घुरघुरत राहिली, तर पट्टी पुरेशी दाबली जात नाही.

यातील प्रत्येक लक्षणाला एक निश्चित कारण आहे आणि ते विचाराने शोधता येते. अंदाजाने वायरी ओढण्यापेक्षा वरील चार शक्यतांपैकी कोणती बिघडली, एवढे पाहिले तरी दोष सापडतो. बिघडलेल्या वस्तूकडे पाहण्याची ही नजर एकदा लाभली, की घरातील मिक्सर किंवा गिझर बंद पडल्यावरही ‘हे आता टाकूनच द्यावे’ हा विचार सर्वप्रथम मनात येत नाही. घरातील विजेच्या जोडणीला मात्र जाणकारांखेरीज कोणी हात लावू नये. ही पेटीही केवळ सेलवर चालवावी. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या वापरू नयेत. वायरी चुकून जोडल्या गेल्यास त्या पेट घेऊ शकतात. डाग देण्याच्या कामी, म्हणजे सोल्डरिंग करताना, लहान मुलांसोबत मोठ्यांनी असावे.

उपयोग काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनात प्रत्येक प्रकल्पाला हा प्रश्न विचारला जातो. त्याचे ठरावीक उत्तर देता यावे म्हणून मुले पाणीबचतीचे किंवा वीजबचतीचे तयार नमुने आणून मांडतात. त्यातील अनेकांच्या आतली जोडणी दुसऱ्याच कोणी केलेली असते. स्वतःला बंद करणाऱ्या पेटीला असे उत्तर देता येत नाही. म्हणूनच ती बनवणाऱ्याला दुसरी सबब उरत नाही. ती कशी चालते, एवढेच त्याला सांगावे लागते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे मुलांच्या हाती काड्या, सेल आणि तांब्याची तार देऊन मोटरी फिरवून दाखवल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणे मोडून पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हा त्यांच्या कामाचा गाभा.

एकदा साधी पेटी जमली, की पुढच्या वाटा मोकळ्या होतात. २००५ साली इटलीत जन्मलेला ‘आर्डुइनो’ हा छोटा संगणकीय बोर्ड आणि सर्व्हो मोटर जोडून पेटीला स्वभाव देता येतो. मग ती कधी झाकण किलकिले करून नुसतीच डोकावते, कधी विचारात पडल्यासारखी थांबते, कधी चिडून खटका आपटते. पण सुरुवात दोन स्विचच्या पेटीनेच करावी, कारण तिथे आज्ञावलीचा पडदा नसतो.

आणि शक्य असल्यास तिची एक बाजू पारदर्शक ॲक्रिलिकची ठेवावी. हात कसा परततो, पट्टी कधी दाबली जाते आणि मोटर नेमकी केव्हा थांबते, हे पाहणाऱ्यालाही दिसेल. आणि पुढची पेटी कदाचित तोच बनवील.