‘ड्रॉप’ घेतलेली लेक

बारावीचा निकाल लागला की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला, “पुढे काय?” मुलाने ‘नीटसाठी ड्रॉप घेतलाय’ म्हटलं तर माना डोलतात. मुलीने तेच म्हटलं की काकू-मावश्यांच्या डोळ्यांसमोर स्थळं नाचू लागतात!

त्यातून, घरात आहे म्हणजे ती रिकामीच, असा सगळ्यांचा समज. पाहुण्यांचा चहा तिने करायचा, धाकट्याचा अभ्यास तिने घ्यायचा, आजीला दवाखान्यात तिनेच न्यायचं. दिवाळी येईपर्यंत पुस्तकांवर धूळ! म्हणून मैत्रिणींनो, तिच्या अभ्यासाच्या वेळा आधीच सर्वांदेखत ठरवा आणि त्या वेळेत तिला हाक मारू नका. (हे आपल्यालाच सर्वांत जड जातं!)

नियमही पाहून ठेवा. ‘नीट’ किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये निघाली. जेईई मेन मात्र बारावीचं वर्ष धरून सलग तीनच वर्षं देता येते. प्रवेशाच्या वेळी मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, मागतात. जातवैधता प्रमाणपत्र राहिलं असेल, तर तेही याच वर्षात हातावेगळं करा.

आणि ड्रॉप नेमका हवाय कुणाला, हे लेकीला एकटीला बसवून विचारा. बाबांच्या हट्टापायी घेतलेलं वर्ष फार लांबतं हो! तिला बी.एस्सी. करायचं असेल, तर प्रवेशाची तारीख उलटण्याआधी अर्ज भरून टाका.